बिनअस्तराचा झगा

४ जून, मंगळवार
नाव नाही. नातीने चार वर्षं डोळे फोडून गणितं केली आणि मासिकात छापून आलं तर वर एकट्या तिच्या सरांचं नाव. कागद तीनदा उलटसुलट करून पाहिला. विषय काय, तर वस्तू दिसेनाशी कशी करायची. पहिली गायब केली ती आमचीच पोरगी.

विचारलं तर म्हणते, "राहू दे ना आजी." राहू दे म्हणे. मी शिवलेला कोट कुणी आपला म्हणून मिरवला तर मी राहू देते का?

५ जून
तिला म्हटलं, आधी मला समजव, मग भांडते. बटणं लावता लावता ऐकलं. वस्तूभोवती असा झगा करायचा की उजेड तिच्यावर आपटतच नाही, वळसा घालून पलीकडे आपल्या वाटेला लागतो. बघणाऱ्याला वाटतं मध्ये काहीच नाही. कुठे किती वळायचं, ते गणित सांगतं.

मी कापडात टोच्या घुसवून दाखवला. नाडीचं भोक कात्रीने पाडलं की दोरे तुटतात. टोच्याने पाडलं की बाजूला सरतात, भोकाला वळसा घालून पुन्हा सरळ. ती बघतच राहिली. "हेच गं आजी! टिंबाचं भोक करायचं, दोरा तोडायचा नाही."

एवढ्याला चार वर्षं.

"आत बसलेल्याला बाहेरचं दिसतं का?"
"नाही. उजेडच आत जात नाही."
म्हणजे लपला कसला, कोंडला गेला.

६ जून
उद्या सरांकडे जाते. तिला सांगितलेलं नाही.

७ जून
गेले. "या आजीबाई, बसा." बसते कुठे, खुर्चीवर पुस्तकं. उभ्यानेच सुनावलं — पोरीचं नाव खाल्लंत, ढेकर तरी द्या. दाराबाहेर चार विद्यार्थी कान लावून. सर लालेलाल. म्हणाले, "नाव मी काढलेलं नाही. तिलाच विचारा."

त्यांची कॉलर मागून उसवलीय. मुद्दाम सांगितलं नाही.

८ जून
सरांकडे जाऊन आल्याचं नातीला कळलं. सकाळी एकदम सगळं बोलली. नाव तिनेच काढायला लावलं! मी जगासमोर तोंडघशी.

झालं असं. खरोखर टिंबाचं भोक करायचं तर काठाशी दोरे इतके दाटतात की तसं कापड कुणाला विणता येणार नाही. म्हणून टिंबाऐवजी आधीच बारीकसं भोक धरतात. मग वस्तू अगदी पुसट दिसते, तेवढं चालतं. पण आतली एखादी वस्तू उजेडाच्या लाटेच्या तालावर घुमायला लागली की झगा फसतो, सगळं उघडं. तशी वस्तू हिने गणितात मांडून दाखवली. सर म्हणाले, "क्वचित होतं असं. कोण बघायला जातंय?" आणि छापलं — आत काहीही ठेवा, दिसणार नाही. असल्या खोट्यावर हिला आपलं नाव नको होतं.

"मग अस्तर लाव की. घुमणं जिरवणारं."
"लावतात गं, ते जुनंच आहे. सरांची फुशारकी हीच, आमचा झगा बिनअस्तराचा."

बिनअस्तराचा कोट हँगरवर ऐटदार दिसतो. अंगात घातला की कळतं.

चूक दाखवणारं पत्र तिने मासिकासाठी लिहून ठेवलंय. पंधरा दिवस ड्रॉवरमध्ये पडून आहे. पदवीच्या कागदावर सरांची सही लागते ना, म्हणून हिची सही होत नाही.

१० जून
पत्र पोस्टात टाकलं. सहीची जागा रिकामी होती, मी माझी ठोकली.

२ जुलै
मासिकाचं उत्तर आलं. "आदरणीय डॉक्टरबाई, आपला आक्षेप गंभीर आहे. तिसऱ्या ओळीतली पायरी कशी आली, ते कळवावं. मूळ लेखकांनाही प्रत पाठवली आहे."

नात पांढरीफटक. पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं, पेनही ठेवलं. डॉक्टरबाईंना आज दोन कोट पुरे करायचेत. उत्तर तिने द्यायचं, स्वतःच्या सहीने.