दसऱ्याला भरलेलं खोगीर

अण्णा, तुमचा हात गेला नव्हता. हे वाक्य आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे माझा धीर सुटला तरी एवढं तरी कागदावर राहील. शेवटची दोन वर्षं तुम्ही ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात, "हात गेला माझा, आता घोडा ऐकत नाय," आणि तेच खरं मानून गेलात. परवा नवीन पनवेलच्या एका लग्नाला गेले होते. वरातीची घोडी मंडपाबाहेर उभी होती, आणि पोटाखालचा तंग आवळला की ती मान वळवून पोटाला चावायला बघत होती. मालक तिच्या तोंडावर फटके मारत होता. मी पैठणी सावरत पुढे गेले, खोगिराखाली हात घातला आणि म्हटलं, "दादा, खांद्याला चिमटतंय हे, तंग सोड आणि मागे सरकव." त्याने सरकवलं, आणि घोडी शांत उभी राहिली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. जेवणाच्या पंगतीतून मी ताट तसंच ठेवून उठले. बरोबर आलेली भावाची सून म्हणाली, पित्त झालं असेल.

तुम्ही त्या घोड्याला आणलंत ते नव्वदच्या आसपासचं साल. टांगे संपले होते, स्टेशनवर रिक्षांची रांग लागायची, आणि तुमच्याकडे लोक यायचे ते बिघडलेला घोडा सरळ करून घ्यायला. त्या कामात पनवेलपासून कर्जतपर्यंत तुमचं नाव होतं, आणि तुम्हाला त्याचा गर्व होता. होता म्हणजे चांगलाच होता. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, सासरहून कायमची परत आलेली. घरात कोणी मला काही बोलत नव्हतं, आणि तेच जास्त लागायचं. अशात तुम्ही एका बंद पडलेल्या फार्मवरून तो साडेतीन वर्षांचा कुमैत, म्हणजे गडद तांबडा घोडा घेऊन आलात. ठेंगणा, रुंद छातीचा, मनगटाएवढ्या जाड हाडांचा. आई गावठी आणि बाप कुठला तरी विलायती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, याला कॉब म्हणतात, ही जात सहा-सात वर्षांची होईपर्यंत वाढत राहते. तुम्ही हसलात. "आमच्याकडे चौथ्याला घोडा पुरा होतो," म्हणालात. त्याला तुम्ही नावसुद्धा ठेवलं नाहीत. तो विकायचा होता. पळस्प्याच्या पुढे बंगला बांधलेल्या मुंबईच्या एका साहेबांना त्यांच्या मुलीसाठी शांत, बसका घोडा हवा होता, आणि माघात ते बघायला येणार होते.

मी मात्र त्याला बेटा म्हणायला लागले. सकाळी खरारा करताना तो डोकं माझ्या खांद्यावर ठेवून झोपायचा, अक्षरशः झोपायचा, खालचा ओठ लोंबत. त्या वर्षात माझ्यावर कोणी एवढा भार टाकला नव्हता. तुम्ही दारातून बघायचात आणि म्हणायचात, "जीव नको लावू, माघात जायचाय तो." मी म्हणायचे, नाही लावत. उन्हाळाभर आणि पावसाळाभर तो वाढत होता. आधी मागचा पुठ्ठा वर जायचा, मग महिन्याभरात खांदा त्याला गाठायचा, मग परत पुठ्ठा. मधल्या दिवसांत तो उतारावर उभा असल्यासारखा दिसे आणि तुम्ही त्याची थट्टा करायचात.

आपल्या घरची रीत अशी की खोगीर दसऱ्याच्या आधी भरायचं, भरायचं ते घरातल्या बाईने, आणि पुजलं की पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याची शिवण उसवायची नाही. आई गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं होतं. आजोबांचं ते जुनं खोगीर मी स्वयंपाकघरात चुलीसमोर घेऊन बसले, जुनी लोकर काढली, पिंजली, ऊन दाखवलं आणि पुन्हा भरली. त्या वर्षी मी ती जास्तच ठासून भरली. परत आलेल्या मुलीच्या हातात काही आहे हे कोणाला तरी दाखवायचं होतं. तुम्ही गादी दाबून बघितलीत आणि म्हणालात, "तुझ्या आयशीपेक्षा बरं भरलंस." तुम्ही मला दिलेली शाबासकी ती एवढीच, आणि ती मी कित्येक दिवस मनात घोळवत होते. दसऱ्याला झेंडूची माळ घालून खोगीर त्याच्या पाठीवर चढवलं तेव्हा ते बेतून शिवल्यासारखं बसलं होतं. हे अगदी खरं आहे, अण्णा. त्या दिवशी ते बसलं होतं.

दिवाळीनंतर त्याची उंची थांबली आणि तो रुंद व्हायला लागला. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही, पण खरारा करणाऱ्या हाताला कळतं. मार्गशीर्षात पहिल्यांदा त्याने तंग आवळताना कान मागे पाडले. मग खोगीर बघितलं की पाठ खाली दाबायला लागला. चालताना पुढचे पाय आखूड टाकायचा, आणि दुडक्या चालीवर घेतलं की डोकं खाली घालून मागून उडायचा. तुम्हाला वाटलं मस्ती आहे, वयात येतोय. तुम्ही त्याला तासभर गोल फिरवायचात, घामाने भिजेपर्यंत. एका सकाळी तुम्ही चहाला आत गेलात तेव्हा मी खोगिराच्या पुढच्या टोकाखाली हात घातला. दसऱ्याला तिथे माझा तळवा आरामात जायचा. आता बोटं चेपली. तो थरथरला, पण जागचा हलला नाही. मी हात काढून घेतला आणि अंगण झाडायला गेले.

तुम्ही नालबंदचाचांना बोलावलंत. त्यांनी चारही खूर ठोकून, दाबून बघितले आणि म्हणाले, "अण्णा, खुरात काय नाय. पाय आखूड टाकतोय ते वरून कुठून तरी तकलीफ हाय त्याला." तुम्ही माझ्याकडे वळलात. "भरताना गाठ राहिली का गं कुठं?" मी म्हटलं, "नाही अण्णा, मी हात घालून बघितलंय." तुम्ही पुढे विचारलंच नाही. माझ्या शब्दावर तुमचा एवढा विश्वास होता हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते कळण्याची वेळ वाईट होती.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की पुजलेलं खोगीर उसवायचं नाही अशी रीतच होती, मी तरी काय करणार. पण ते खोटं आहे. मी लहान असताना म्हाताऱ्या घोडीच्या पाठीला फोड आला होता, तेव्हा ऐन पौषात तुम्ही स्वतः सुरी घेऊन शिवण उसवली होतीत आणि आई रागावली तर म्हणाला होतात, "देव बघंल काय ते, तिला दुखतंय." मी सांगितलं असतं तर तुम्ही त्या दिवशीही उसवली असतीत. दोन मुठी लोकर काढली असती की काम झालं असतं. मी सांगितलं नाही, कारण उडणारा घोडा साहेबांच्या मुलीसाठी कोणी घेणार नव्हतं. साहेब येतील, बघतील, नको म्हणतील आणि निघून जातील. मग मी गुपचूप लोकर काढीन आणि तो आपल्याकडे राहील, असा माझा हिशोब होता. त्याला दुखत होतं हे मला माहीत होतं. थोडे दिवस दुखेल, असं मी ठरवून टाकलं होतं.

तुम्ही मात्र हार मानणारे नव्हतात. माघ लागला तसा तुम्ही माळ्यावरून काटेरी लगाम काढलात. तो तुम्ही उभ्या जन्मात कुठल्या घोड्याच्या तोंडात घातला नव्हता, लोकांनी घातला तर शिव्या द्यायचात. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडातून रक्त आलं आणि तुम्ही जेवला नाहीत. तेव्हाही मी गप्प बसले. भाकरी झाकून ठेवली आणि गप्प बसले.

साहेब आले ते रविवारी सकाळी, मुलीला घेऊन. गावाबाहेरच्या कापणी झालेल्या शेतात आपण गेलो. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, नवेकोरे बूट घातलेली. तुम्ही म्हणालात, आधी मी बसून दाखवतो. बासष्टाव्या वर्षीही तुम्ही रिकिबीत पाय टाकून एका दमात वर जायचात. तो चालतो आहे, ठीक चालतो आहे. तुम्ही त्याला दुडक्या चालीवर घेता. कडेला वळताना तो थबकतो, तुम्ही लगाम ओढता, आणि तो डोकं गुडघ्यांत घालून तीन वेळा उडतो. तिसऱ्या वेळी तुम्ही बांधावर पडता. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मला आला. तो पळून गेला नाही, तुमच्यापासून दहा हातांवर उभा राहिला, खोगीर तिरकं झालेलं. साहेबांनी तुम्हाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं, आणि नंतर कधी घोड्याचा विषय काढला नाही. म्हणजे माझा हिशोब तसा बरोबर निघाला.

खाटेवरून तुम्ही पहिलं काय सांगितलंत, तर घोडा काढून टाका. "कोणाला मारंल तो." फाल्गुनात खालापूरच्या बाजूचा एक वीटभट्टीवाला आला. दावं मी त्याच्या हातात दिलं. जाताना बघितलं तर खांद्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे गादी चेपायची तिथे, रुपयाएवढ्या जागेत केस पांढरे यायला लागले होते. ते पुन्हा तांबडे होत नाहीत. पावसाळ्यानंतर मी एकटी एसटीने त्या भट्टीवर गेले. भट्टी विझलेली होती, माणसं आपापल्या पाड्यांवर गेली होती. एक कातकरी बाई तेवढी झोपडीत होती. ती म्हणाली, "जाडा तांबडा? तो नाय ऱ्हायला. पाठ सडलेली त्याची." मी तुम्हाला सांगितलं, मैत्रिणीकडे गेले होते.

आणि आता जे लिहायला बसले ते. घोडा गेल्यावर महिन्याभरात, चैत्रात, डॉक्टरांनी तुम्हाला काठी धरून उभं राहायला सांगितलं होतं. तुम्ही रोज भिंत धरून चार पावलं टाकायचात, दात खाऊन. एका दुपारी मी तुमचे पाय चोळत होते. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "पोरी, तू खरं सांग. घोडा वाईट व्हता का माझा हात गेला?" इतक्या सरळ तुम्ही मला आयुष्यात काही विचारलं नव्हतं. घोडा वाईट होता असं म्हणायला माझी जीभ वळेना, आणि खरं सांगायची हिंमत नव्हती. मी म्हटलं, "वय झालं अण्णा आता तुमचं." तुम्ही चादर पायांवर ओढून घेतलीत. मग म्हणालात, "व्हय, तसंच असंल." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही काठी हातात घेतली नाहीत. डॉक्टर म्हणाले, हाड तर सांधलंय, मग हे चालत का नाहीत. मी म्हटलं, माहीत नाही.

आता मी त्या वेळच्या तुमच्या वयाची झाले आहे. हे पत्र कोणाला द्यायचं नाही, फाडायचंही नाही. साड्यांच्या खाली ठेवीन. परवाच्या त्या लग्नात आपल्या गल्लीतल्या एक जुन्या बाई भेटल्या. त्या सुनेला सांगत होत्या, हिच्यासारखी वडिलांची सेवा आम्ही कोणी केलेली बघितली नाही, दोन वर्षं त्यांना जागेवर सगळं दिलं हिने. सून माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी पदर नीट केला आणि म्हटलं, "करावंच लागतं हो, आपलंच माणूस."