सोळा लाद्या

दि. ३ मे

ति. दादास,
सा. न. वि. वि.

साथ आटोक्यात आणायला आरोग्य अधिकारी म्हणून मला इथे बसवून दहा दिवस झाले. अक्षरशः बसवूनच, झोपतेही ऑफिसातल्या बाकावर. कॉलरा हटत नाही. काल एकवीस नवे रुग्ण. सगळ्यांनी बाजारात थंड सरबत घेतलं होतं, एवढंच समान निघतंय.

फोनवर ऑफिसातले सगळे कान लावून असतात, म्हणून हे पत्र जीपच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते. सहज विचारते, तुझ्या बर्फाच्या कारखान्याचा पंप दुरुस्त झाला का? सध्या पाणी कुठून घेतोस?

वहिनीला नमस्कार. आठवण ठेव.
तुझी चिमी

दि. ४ मे

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

वीस वर्षांत तू माझ्या बर्फाबद्दल एकदाच विचारलंस, पेल्यात दोन खडे जास्त मिळतील का म्हणून. आणि आता म्हणे सहज. अगं, गिऱ्हाइकाच्या 'बघतो' मधला 'नको' ऐकूनच मी इथवर आलो.

पंप बंदच आहे. तीन आठवडे वीटभट्टीमागच्या विहिरीचा टँकर घेतोय. पण तू काळजी सोड. पत्र वाचताच टाकी रिकामी केली, ब्लीचिंग पावडर टाकून स्वतः आत उतरून घासली. तुझी माणसं बाटल्या घेऊन खुशाल येऊ देत, काही सापडायचं नाही. तुझ्या नावाला बट्टा लागू देईन का मी?

प्रकृतीला जप, आणि आमच्यावर जीव असू दे.
दादा

दि. ५ मे

ति. दादास,
सा. न.

काय करून बसलास, दादा. ती टाकीच माझा पुरावा होती. टँकरवाल्यालाही कुणकुण लागली. त्यानं विहिरीत पावडर ओतली आणि पंचांसमोर तांब्याभर पाणी पिऊन दाखवलं. पावडरीचा अंमल दोन दिवस. मग तीच विहीर आणि तिच्यात झिरपणारी तीच गटार; आणि माझी माणसं बाटल्या घेऊन दिसली की तो पुन्हा पावडर ओतणार. दूषित पाण्याचा नमुना हातात नसताना सील लावलं, तर कोर्ट दुसऱ्या दिवशी काढायला लावेल.

आज चार वर्षांची एक मुलगी गेली.

मोठ्या साहेबांना म्हटलं की भावाचं प्रकरण आहे, मला मोकळं करा. ते म्हणाले, साथ संपेपर्यंत बदली नाही, रजा नाही, राजीनामाही नाही. तक्रार तरी कुणाची करू? तपासणीचं पथक पाठवायच्या जागी मीच तुला पत्र पाठवलं.

रागावले तरी तुझीच आहे.
चिमी

दि. ७ मे

चि. चिमीस,
अ. आ.

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माझ्याकडे होतं.

मागच्या खोलीत भुशाखाली सोळा लाद्या आहेत. २९ एप्रिलला गोठवलेला बर्फ, त्याच विहिरीचा. तुझं पत्र वाचताच त्या आठवल्या, आणि काल गारव्याचं बटण बंद करायला हात पुढे केला. सगळं गटारात वाहून गेलं असतं, कुणाला पत्ता लागला नसता. तुझी वहिनी दारात उभी होती, ती हलली नाही. तेवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजला. तो मी लांबूनही ओळखतो. बायका हंडे घेऊन तेच पाणी भरायला धावल्या.

खोलीला कुलूप लावलंय, किल्ली ड्रायव्हरकडे दिली. तू येऊ नकोस, परक्या माणसाला पाठव. आपली पत्रंही फाइलला लाव, माझी आणि तुझीसुद्धा; तुझी दोन्ही सोबत परत पाठवतोय. नाहीतर लोक म्हणतील, बहिणीनं पदराखाली घेतलं. आजवर ऐटीत सांगत आलो, बहीण डॉक्टर आहे, माझ्या बर्फात खोट नसते. आता ती ऐट बंद.

जमलं तर माया राहू दे.
दादा

दि. ११ मे

ति. दादास,
सा. न. वि. वि.

सोळापैकी अकरा लाद्यांत जंतू सापडले. काल विहिरीला सील लागलं, टँकर पोलिसांच्या आवारात उभा आहे. तुझ्या कारखान्यालाही सील लागलंय. त्या नोटिशीवर सही करायला दुसरं कुणी पुढे येईना, म्हणून माझीच आहे. आज नवे रुग्ण दोन.

चारही पत्रं फाइलला लावली. आपल्या दोघांची चौकशी होणार. साथ संपेपर्यंत मी ही खुर्ची सोडायची नाही, आणि चौकशी संपेपर्यंत तुला भेटायचं नाही, बोलायचं नाही, लिहायचं नाही, असा हुकूम आहे. तो उद्या सकाळपासून लागू, म्हणून आज लिहून घेतलं.

उत्तर पाठवू नकोस, दादा. आलं तर न उघडता फाइलला लावावं लागेल.

तुझी
चिमी