पाल्याच्या दोन मुठी

२ फेब्रुवारी

चि. छोटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

परवा अण्णांनी तुझ्या तळ्यातला मासा आणून माझ्या माशाशेजारी काट्यावर ठेवला. तुझा दीडपट भरला. अण्णा नुसते मिशीत हसले. बोलले असते तर बरं. एप्रिलमध्ये दोघींचे मासे बघून तिसरं तळं एकीच्या हवाली करणार म्हणे.

तू खाद्यात कसलासा पाला घालतेस असं कानावर आलं. मला हेवा वाटतो असं समजू नकोस, सहज विचारते. माप कळव. मुलांना पापा.

तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस, कृ. सा. न.

‘सहज’ वाचून हसू आलं. पाला शेवग्याचा. सावलीतच वाळव, कुटून फडक्यातून चाळ, आणि खाद्य मळताना दहा किलोला दोन मुठी घाल. आई पीठ मोजायची तशी मूठ, वर ढीग नाही.

अण्णांच्या सायकलवर पुढे नेहमी तू बसायचीस. या खेपेला मला बसू दे. रागावलीस तरी पत्र मात्र टाक.

तुझी छोटी

२२ एप्रिल

चि. छोटीस, अ. आ.

तिसरं तळं मला मिळालं. काल अण्णांनी फाटकाची किल्ली हातात दिली. माझे मासे तुझ्यापेक्षा बोटभर पुढेच निघाले.

एक कबूल करते. तुझ्या दोन मुठी वाचल्या आणि खाऊचा डबा आठवला. निम्मा लपवून ‘संपला’ म्हणणारी तूच ना? मी चार घातल्या.

नव्या तळ्यात बोटबोटभर पिल्लं सोडली आहेत. त्यांना किती घालू? राग आला असेल तर गिळ, पण कळव.

तुझी ताई

३० एप्रिल

ती. ताईस, सा. न.

पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा घास गोड लागला नाही. मीही चारच घालते. तुला मुद्दाम निम्मं सांगितलं. तू विश्वास ठेवला असतास तर किल्ली आज माझ्याकडे असती. माझ्या लबाडीवर इतका भरवसा घरात दुसऱ्या कुणाचा नाही. अण्णांना सांगू नकोस.

पिल्लांना दहा किलोला एकच मूठ. हे खरं आहे. पाला जास्त झाला तर खाद्य कडवट होतं, पिल्लं तोंड लावत नाहीत. पण मी एक म्हटलं की तू दोन घालणार, आणि अर्धी म्हटलं तर नेमकं याच वेळी खरं मानशील. म्हणून रविवारी मीच येते. माझ्या मुठीनेच घालू.

किल्ली तेवढी माझ्या नजरेआड ठेव.

तुझीच, छोटी