बॅटरी कपाटात आहे

२ मार्च, संध्याकाळ
ई-बाईक, म्हणजे बॅटरीची सायकल, घरी आली. काळी, भारदस्त, मागे लांब कॅरिअर, दोन्ही बाजूंना झोळे. शेजारच्या डॉक्टरीणबाई दोनदा कचरा टाकायला बाहेर आल्या. एवढा कचरा त्यांच्याकडे नसतो.

घरात करार झाला. बायको मातीची भांडी बनवते. कप, बशा, वाडगे. बनवते मागच्या बाल्कनीत आणि भाजायला नेते गावाच्या दुसऱ्या टोकाला, मैत्रिणीच्या भट्टीवर. तिला स्वतःची भट्टी हवी आहे. जागा एकच, गॅरेज. तिथे आमची जुनी गाडी उभी. म्हणून ठरलं की महिनाभर गाडीची किल्ली तिच्याकडे. मी एकदाही मागितली नाही आणि घरचं सगळं सामान ई-बाईकवरून आलं, तर ३१ तारखेला गाडी विकायची आणि गॅरेज तिचं. मागितली, तर गाडी राहील आणि ती भट्टीवाल्याला नाही म्हणून कळवेल.

म्हणाली, जमणार नसेल तर आत्ताच सांग, उगाच आशा लावून बसत नाही. मी नुसता हसलो. मला वाटतं, ते हसू तिला पुरलं.

३ मार्च
दुकानदार निघताना म्हणाला होता, बॅटरी जपा, सगळा जीव बॅटरीत आहे. लोक असलं ऐकतात आणि विसरतात. मी नाही. पूर्ण चार्ज केली, लोकरी मफलरमध्ये गुंडाळली आणि कपाटात वरच्या कप्प्यात, चांगल्या चादरींच्या मागे ठेवून दिली. वस्तू वापरली की झिजते. साधं शास्त्र आहे. योग्य प्रसंग आला की काढू.

सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही.

४ मार्च
ऑफिसला ई-बाईकने. उत्कृष्ट अनुभव. बॅटरीशिवाय ती थोडी वजनदार वाटते, पण त्यामुळे रस्त्यावर पकड येते. वळणावर प्लास्टिकवरून घसरलो. बाईक डावीकडे गेली, मी थोडा उशिरा गेलो.

साहेब म्हणाले, ई-बाईकवर घाम येत नाही असं ऐकलं होतं. मी म्हटलं, हवेत दमटपणा फार आहे. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. कडक ऊन होतं.

मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. झाड अचानक आडवं आलं, खांबाने हॉर्न दिला नाही, असलं रोज वाचतो. माणसं स्वतःलाच किती फसवतात! दुपारभर पाय थरथरत होते. टेबलाखाली असल्याने कुणाला दिसलं नाही.

७ मार्च
पोस्टाजवळच्या चढावर एक आजोबा साध्या सायकलवरून मला ओलांडून गेले. जाता जाता विचारलं, पंक्चर आहे का. जुन्या पिढीला नवं तंत्रज्ञान कळत नाही.

संध्याकाळी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. मोठी गाडी, मोठा आवाज. खवचटपणे विचारलं, काय भावजी, एका चार्जमध्ये किती जाते? मी म्हटलं, चार दिवस ऑफिसला जातोय, चार्ज एक टक्कासुद्धा उतरलेला नाही. नंतर म्हणे तो बाहेर जाऊन आपल्या गाडीकडे बराच वेळ बघत होता. माझा शब्दन् शब्द खरा होता.

१० मार्च
पहिली मोठी खेप. बायकोला लागणारी माती, दोन पोती. दुकानापासून निघालो, उत्तम निघालो. चढाच्या पायथ्याशी बाईकचा विचार बदलला. मी पुढे ढकलत होतो, ती मागे येत होती. मध्ये कुठेतरी आमची बरोबरी झाली आणि दोघंही थांबलो.

एक रिकामा टेम्पो चालला होता. बाईक पोत्यांसकट त्यात चढवली, गल्लीच्या तोंडाशी उतरवली. इथे एक मुद्दा नोंदवून ठेवतो. पोती एक क्षणही बाईकवरून उतरली नाहीत. म्हणजे सामान बाईकवरूनच आलं. बाईक कशावरून आली, याबद्दल करारात अक्षर नाही.

बायकोने पोती पाहिली आणि चेहरा असा फुलला की मी टेम्पोचं सांगायचं विसरलो.

१३ मार्च
उजवा गुडघा बोलतो. जिना उतरताना जास्त.

बायकोने नवे निळे कप दाखवले. फार सुंदर. मी म्हटलं, हे शोकेसमध्ये ठेवू, पाहुण्यांसाठी. ती भडकली. म्हणाली, कप प्यायला असतात, तुला प्रत्येक चांगली वस्तू कपाटात का घालायची असते? प्रश्न तत्त्वाचा होता. मी चहा घेतला. जुन्या स्टीलच्या पेल्यातून.

१५ मार्च, रविवार
आजपासून देखभाल. संकल्प असा: दर रविवारी साखळी पुसणे, हवा भरणे, नटबोल्ट आवळणे. मेकॅनिककडे जाणं म्हणजे आपल्या मुलाला दुसऱ्याने जेवू घालण्यासारखं आहे.

साखळी पुसायला फडकं मिळालं नाही. पुढच्या रविवारी. हवा मात्र भरली. कडक भरली, अंगठ्याने दाबलं तर अंगठा दबला. बाईक उन्हात ठेवून जेवायला बसलो. वरण वाढत असतानाच टायर फुटला. डॉक्टरीणबाई पेटी घेऊनच बाहेर धावल्या. नटबोल्टचा विषय त्या गडबडीत मागे पडला.

१९ मार्च, सकाळी
गुडघा सुजला. गाडीची किल्ली घड्याळाशेजारच्या खिळ्यावर लटकलेली आहे. बायको मुद्दाम तिथे लटकवते का? फक्त तोंड उघडायचं होतं. आजचा दिवस, म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले.

तेवढ्यात गॅरेजमधून खरखर ऐकू आली. जाऊन पाहतो तर बायको गाडीच्या आणि भिंतीच्या फटीत आडवी शिरून टेपने माप घेत होती. जमिनीवर खडूने भट्टीचा चौकोन आखला होता. अर्धा चौकोन गाडीखाली जात होता, तो तिने पालथं पडून आखला होता. नाकाला खडू. मला बघून लाजली. म्हणाली, नुसतं बघत होते, मावते का ते.

एवढी खूश मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. आपल्यामुळे हे फिसकटलं तर? परत आलो, गुडघ्याला पट्टा बांधला आणि बाईक काढली. ऑफिसला उशीर झाला. साहेबांना कारण सांगितलं नाही.

२४ मार्च
मोठी बातमी. तलावाशेजारी नवा कॅफे उघडतो आहे. कॅफेवालीने सगळ्या कपबशा बायकोकडून मागवल्या आहेत. तिची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. रविवारी सकाळी उद्घाटन. हे जमलं तर भट्टी पहिल्या दिवसापासून चालू राहील इतकं काम मिळेल, असं ती म्हणाली आणि मग पटकन कानशिलावर बोटं मोडली, दृष्ट लागेल म्हणून असावं.

मी जाहीर केलं की माल मीच पोचवणार, ई-बाईकवरून. बायकोने मुलीकडे पाहिलं. मुलगी कॉलेजात आहे, तिला प्रत्येक गोष्टीचं हसू येतं. मग बायकोने हळूच विचारलं, बॅटरी ठीक आहे ना? मी म्हटलं, नव्यासारखी. मुलीला ठसका लागला. पाणी प्यायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. घशाकडे लक्ष द्यायला हवं तिच्या.

२८ मार्च, शनिवार
उद्याच्या कामगिरीसाठी संपूर्ण सर्व्हिसिंग. दुपारी बायको आणि मुलगी गाडी घेऊन कुठेशी गेल्या. किल्ली तिची, मी विचारणारा कोण? उलट शांतपणे काम करता आलं.

साखळी पुसली. (नवीन रुमालाने. फडकं अजून सापडलेलं नाही.) नटबोल्ट आवळले. एक जास्त आवळला गेला, तो आता नाही. त्याच्याशिवायही सगळं घट्ट वाटतं.

पंधरा दिवसांपासून ब्रेक किंचाळतात. कॅफेपुढे किंचाळत थांबणं बरं दिसणार नाही. जिथे आवाज तिथे तेल, हे कुणीही सांगेल. चाकाजवळच्या त्या गोल चकत्यांना दोन्हीकडून भरपूर तेल दिलं. चाक फिरवून पाहिलं. आवाज पूर्ण बंद. हे काम करायला लोक मेकॅनिककडे जातात!

२९ मार्च, सकाळी सात
योग्य प्रसंग आला आहे. मफलर सोडला, बॅटरी काढली. हातात घेतल्यावर जरा भरून आलं. खाचेत सरकवली, खटकन बसली. हँडलवरचा छोटा पडदा उजळला. त्यावर जोराचे पाच आकडे आहेत, एक ते पाच. खास दिवस असल्याने पाच निवडला.

बायकोने खोकी स्वतः बांधून ठेवली होती, झोळ्यांत ठेवायलाही दिली नाहीत मला, तिनेच ठेवली. म्हणाली, सावकाश जा. मुलीने हेल्मेट घाल असं दोनदा सांगितलं. आज घरात सगळे माझ्याशी फार प्रेमाने बोलतायत.

त्याच दिवशी, दुपारी
घटनेचा तपशील पुढीलप्रमाणे.

अर्जदाराने पेडलवर पाय ठेवला. बाईक गेली. अर्जदार तिच्यावरच होता, हा नशिबाचा भाग.

काय गेली! पोस्टाजवळचा चढ आला कधी आणि संपला कधी! मी पाय नुसते फिरवत होतो, वारा कानात, हसू आवरेना. मोठ्याने ओरडलोसुद्धा. एवढी हलकी? महिनाभर ही मजा चादरींमागे होती? मग उतार आला. तलावाकडचा, लांबलचक. वेग वाढला, म्हणून ब्रेक दाबला.

शांतता. अजिबात किंचाळला नाही. थांबलाही नाही. दुसरा दाबला. तोही तसाच सभ्य. उताराच्या शेवटी झाडांची नर्सरी आहे. आठ वर्षं दावे तपासतोय, कधी कुणावर विश्वास ठेवला नाही, पण शपथेवर सांगतो, ती नर्सरी अचानक आडवी आली.

शेणखताच्या पोत्यांत गेलो. मला काही झालं नाही. पण खोक्यांतून जो आवाज आला तो मी विसरणार नाही. एक मोठा आणि मग बराच वेळ छोटे छोटे.

तिथेच बसलो आणि रडलो. खरं सांगायचं तर हुंदके देऊन रडलो. डोळ्यांपुढे तिचा तो खडूचा चौकोन आणि नाकाला लागलेला खडू. एक गोष्ट मागितली होती तिने, एकच, आणि मी ती फोडून ठेवली. नर्सरीवाल्या बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, घरात कुणी गेलं का?

घरी पळून जावंसं वाटलं. पण बायको आणि मुलगी एव्हाना गाडीने कॅफेत पोचून वाट बघत असणार. बाईक ढकलत, अंगाला खत, झोळ्यांत खळखळाट, असा कॅफेच्या दारात गेलो.

आत माणसं बसली होती. प्रत्येक टेबलावर निळे कप. बशा. वाडगेसुद्धा. माणसं त्यातून कॉफी पीत होती. एक बाई कप उलटा करून खाली कुणाचं नाव आहे ते बघत होती. बायको काउंटरपाशी उभी होती, तिने मला पाहिलं आणि आधी धावत येऊन हातपाय तपासले. मग सांगितलं. खरा माल तिने काल दुपारीच गाडीतून आणून ठेवला होता. माझ्या खोक्यांत तडे गेलेले, वाकडे झालेले, फेकायचे कप होते.

बॅटरीचं त्यांना दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. मुलगी चादर काढायला गेली होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, रोज ठरवायची. पण तू संध्याकाळी घामाने निथळत, लंगडत यायचास आणि कसा झकास प्रवास झाला ते सांगायचास. किल्लीकडे बघायचास आणि मागायचा नाहीस. मला बोलवेचना. आणि मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. मुलगी आधीच खाली बसून हसत होती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. निळ्या कपातून कॉफी प्यालो. कान पकडायला फार सोयीचा आहे.

३१ मार्च
कराराची सुनावणी. किल्ली मागितली नाही, मान्य. सामानाच्या कलमावर मुलीने टेम्पोचा विषय काढला. टेम्पोवाला तिच्या मैत्रिणीचा काका निघाला. मी शब्दशः अर्थ वगैरे मांडला. बायको म्हणाली, पास. गाडी मेहुण्याने घेतली. गॅरेज रिकामं झालं आणि ती बराच वेळ चौकोनाच्या मधोमध नुसती उभी होती. भट्टी शुक्रवारी येते आहे.

ब्रेक नवे बसले. सायकल दुरुस्तीवाल्याने तेलाबद्दल विचारलं तेव्हा मी फोनवर बोलत होतो.

ई-बाईक यापुढे बायको चालवणार. कॅफेवालीने पुन्हा ऑर्डर दिली आहे, त्यामुळे ते सोयीचंही आहे. मला मागे कॅरिअरवर बसून खोकं मांडीवर धरण्याचं काम मिळालं आहे. हे पद वाटतं तेवढं किरकोळ नाही. तोल, नजर, अनुभव, सगळं लागतं. सूचना तीन: वळणावर हलायचं नाही, पाय वर ठेवायचे, सल्ला द्यायचा नाही.

आज पहिली फेरी, झोळ्यांत माती. सपाटीवर फार छान जमलं. चढाला लागल्यावर तिने न वळता विचारलं, जड जातंय, उतरतोस का? मला वाटलं मातीबद्दल म्हणतेय, म्हणून कुठलं पोतं उतरवू ते विचारलं.

मग मी उतरलो. माती ती वर घेऊन गेली. मी चालत आलो, चाळीस मिनिटं लागली.