सही केलेला फॉर्म

कल्पिता,

बोटीवर चाललोय, परवा येईन. विधीच्या सरावलीतल्या पोहण्याच्या क्लासचा फॉर्म सही करून फ्रीजवर ठेवलाय.

काल ‘दोन वर्षांच्या पोरीला कसला क्लास’ म्हणून तुझ्यावर ओरडलो, पण खरं कारण ते नव्हतं. मी बोट चालवणारा तांडेल, आणि माझीच पोर बापाच्या हातावर पाण्यात किंचाळते; क्लास बघायला गेलो तर तिथल्या त्या मयूरी मॅडमच्या हातावर उताणी पडून गप आभाळ बघते! जळफळाट झाला माझा.

पण मासळी धुवायच्या टबात ती पालथी पडली, तेव्हा मी चार हात लांब जाळं शिवत बसलो होतो. आवाजसुद्धा आला नाही मला. तू धावलीस म्हणून वाचली.

उद्या, सोमवारपासून ने तिला. रेंज आली की फोन करीन. रडली असेल तर सांग. नाही रडली, तर विषयच काढू नकोस.

धर्मेश