डावीकडची लॉगिन चौकट

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही संगणक 'बंद'. हे खुर्चीत बसले, बटण दाबलं, पडद्यावर घाटाचा फोटो आला. पुढं काही नाही. "मशीन गेलं. नुसता फोटोच दाखवून राहिलंय."
मी म्हटलं, अहो, पासवर्डची चौकट आहे ना, डावीकडे.
"कुठं हाय? उगं काहीबी सांगू नको."

चौकट आहे. यांनीच बसवलेली, माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला. फोटोत उजवीकडे मी, गोदावरीच्या पायऱ्यांवर. माझ्यावर येऊ नये म्हणून ती पार डाव्या कडेला सरकवली होती. "आता रोज आधी मॅडमचं दर्शन, मग काम." आता दर्शन होतं, काम होत नाही.

ऑगस्टमध्ये मेंदूचा झटका आला तेव्हापासून हे असं. डोळे ठीक आहेत. डाव्या बाजूला बघायचं असतं हेच मेंदू विसरलाय, डॉक्टरांनी सांगितलं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि वर "भाजी वाढलीच न्हाईस". मी ताट फिरवते. मग "हां, आता वाढली."

पाठ दुखते आहे. बीपीची गोळी (माझी) दुपारी आठवली.

५ नोव्हेंबर, बुधवार

शब्बीर येऊन गेला. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये हे इन्स्ट्रक्टर होते तेव्हाचा यांचा विद्यार्थी. आता इथं नांदेडातच, वजिराबादेत, संगणक दुरुस्तीचं दुकान. यांना बघून म्हणाला, "सर, अर्धी दाढी आज, अर्धी उद्या, असा टाइमटेबल हाय का?" हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा इतकं मोठ्यानं. मग गालावरून हात फिरवला. उजव्याच गालावरून.

मी स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, चौकट उजवीकडे आणता येईल का? म्हणाला, "दोन मिनटाचं काम हाय मॅडम. पण तुम्ही करा. सर विचारतील कुणी केलं, तर माझं नाव नको. त्यांच्या मशीनला मी हात लावला तर आजबी कान धरतील." सिस्टिमच्या फोल्डरमध्ये एक साधी लिहिलेली फाइल असते, त्यात एक ओळ: चौकट डाव्या कडेपासून शेकडा किती अंतरावर. यांनी दहा लिहिलंय. बस, तेवढं बदलायचं.

आज जमलं नाही. धीर झाला नाही म्हणू.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हे झोपलेले असताना केलं. यांचा लॅबमधला दंडक पाठ आहे: कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी तिची कॉपी, नावाच्या शेवटी तारीख. आधी कॉपी, मग हात. ते करून दहाचे पंचाहत्तर केले. अक्षरही मोठं केलं. इंग्रजी मदतपान वाचताना सिस्टर क्लारांची आठवण. लातूरच्या बोर्डिंगात त्या म्हणायच्या, समजलं नाही तर मोठ्यानं वाच. मोठ्यानं वाचलं. समजलं.

चौकट आता बरोबर माझ्या चेहऱ्यावर आली आहे. साडीचा काठ तेवढा खाली दिसतो. दिसू दे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हे बसले, पासवर्ड टाकला, आत गेले! मला हाकही मारली नाही. आपणहून 'धर्माबादची यादी' उघडली. सासूबाईंच्या तोंडचे शब्द, निम्मे तेलुगू. दोन वर्षं जमवताहेत. अर्ध्या तासात एकच शब्द लिहिला. गिन्ने: वाटी. मग चहा मागितला, पूर्वीसारखा, खुर्चीतूनच ओरडून. किती दिवसांनी त्या ओरडण्याचा राग आला. बरं वाटलं.

"मशीन आपोआप सुधारलं बघ," म्हणाले. मी हो म्हटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

पलंग फिरवला, यांना दार उजवीकडे दिसावं म्हणून. टीव्ही उजवीकडे. येणाऱ्याला सांगते, उजवीकडून या. घर म्हणजे एका बाजूला कललेली होडी झाली आहे, पण यांची चिडचिड निम्म्यानं कमी. दुपारी वीस मिनिटं पडता आलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवीन फिजिओ आली. नेहा. देवणीची मुलगी, बोलते फटकन. घर बघितलं, पलंग बघितला, मी ताट फिरवलं तेही बघितलं. यांच्यासमोर काही बोलली नाही. जाताना जिन्यात:
"काकू, राग मानू नका. तुम्ही काकांचं नुकसान करून राहिलात."
मी पायरीवरच थांबले.
"सगळं उजवीकडं आणून दिलं तर डावीकडं मान कशाला वळवतील ते? मेंदू म्हणेल, चाललंय की. पहिले सहा महिने महत्त्वाचे. त्यातले तीन गेले."

तीन महिने राबून नुकसान. तिच्यावर चिडायचं होतं, पण दुसऱ्या पेशंटची वेळ झाली म्हणून ती गेलीही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पलंग परत फिरवला. हे ओरडले. टीव्ही परत. परत ओरडले. ताट न फिरवता समोर बसून राहिले. भाकरी अर्धी राहिली, भाजी तशीच, आणि हे उपाशी उठले. मी मागं जाऊन मोरीत रडले. चार वाजता न राहवून शिरा केला आणि उजव्या हाताशी दिला.

संगणकाचं मात्र नेहाला सांगितलं नाही. तेवढं एक राहू दे.

१६ नोव्हेंबर, रविवार, लातूर

मोठ्या डॉक्टरांना दाखवायला काल आलो. मुक्काम मृदुलाकडे. तेही तेच म्हणाले, नेहासारखं, फक्त गोड आवाजात.

मृदुला बापाला म्हणाली, "बाबा, तो डबा टाकून द्या आता. टॅब घेऊन देते. बोट लावलं की उघडतो."
"बोट लावून उघडायला मी काय अंगठेबहाद्दर हाय?"
जावईबापू हसले, मृदुला चिडली. मग मला एकटीला, "आई, तू किती दिवस हे खेचणार? दोघं इकडेच या." तिचं चुकत नाही. पण इथं हे पाहुणे असतात. सोफ्यावर हात मांडीवर घेऊन बसतात, विचारल्याशिवाय पाणीही मागत नाहीत. नांदेडात निदान ओरडतात.

माझ्या बोर्डिंगच्या शाळेवरून रिक्षा गेली. फाटकाला नवा रंग. आम्हाला वहीत डावीकडे दोन बोटं समास सोडायला लावायचे, लाल रेघ मारून. रेघेच्या डावीकडे काही लिहिलं की छडी. यांचा समास आता अर्ध्या पानावर आला आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेवटी नेहाला सांगितलं, चौकटीचं. रागावेल वाटलं होतं. तिचे डोळे चमकले. "म्हणजे रोज सकाळी काका आपणहून तिथं बसतात? कुणी न सांगता? काकू, मी सांगितलेला व्यायाम ते पाच मिनटं करत न्हाईत. चौकट थोडी थोडी डावीकडं न्या. रोज न्हाई. चार दिवसांनी जराशी. आणि पडद्याच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी टाका. लाल रंगाकडं मान आपोआप वळते."

मी म्हटलं, त्यांना न सांगता?
"सांगितलं तर करतील का?"
करणार नाहीत. "मला सगळं दिसतं" हेच तर चालू आहे तीन महिने.

२० नोव्हेंबर, गुरुवार

घाटाच्या फोटोवर लाल पट्टी रंगवली, माझ्या फोल्डरमध्ये ठेवली, फाइलमध्ये तो पत्ता लिहिला. बंद करून चालू केलं तर पडदा काळाकुट्ट! चौकट तेवढी अधांतरी. शब्बीरला फोन. तो हसतच सुटला.
"मॅडम, लॉगिनच्या टायमाला घरात कोण आलंय अजून? तुमच्या खोलीतला फोटो दारावरच्या वॉचमनला कसा दिसंल? बाहेर ओसरीवर टांगा." म्हणजे सगळ्यांसाठी असतो त्या फोल्डरमध्ये ठेवायचा. ठेवला. दिसला.

चौकट सत्तरवर. कॉपी, तारीख.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडली. लाल पट्टीबद्दल अवाक्षर नाही. मला दिसते म्हणून त्यांना दिसते असं नाही.

२५ नोव्हें.

पासष्ट. सापडली.

२९ नोव्हें.

साठ. थोडा वेळ लागला. "आज मशीन हळू चाललंय."

४ डिसेंबर, गुरुवार

छप्पन्न. पडद्याच्या निम्म्याजवळ. मी दारात उभी, हातात लसूण. हे फोटोकडे बघत बसले. मग मान, अगदी थोडी, माणूस हाक आल्यासारखा वळवतो तशी. सापडली. मी लसूण तसाच घेऊन आत आले आणि देवापुढं उभी राहिले. काय मागायचं होतं ते आठवेना.

नेहा म्हणाली, ताटातली भाजीही आज त्यांनी स्वतः शोधली. तिनं सांगितलं म्हणून लक्षात आलं. मी ताटाकडे बघायचं सोडलंच होतं, इतकी त्या आकड्यात अडकले.

दमले आहे. चांगलं घडतंय तरी दमले आहे.

८ डिसें.

बावन्न. दोन दिवस लागले. काल उठून गेले होते, "फोटो बघायला बसवतंय". आज सापडली.

१३ डिसेंबर, शनिवार

अठ्ठेचाळीस केले. निम्म्याच्या पलीकडे. नाही सापडली. टेबलावर हात आपटला. मी ऐनवेळी दुबळी पडले आणि हनुवटीला धरून यांचा चेहरा डावीकडे वळवला. हात झटकला माझा. "ल्हान पोरगं हाय का मी?"

मी त्यांना कधी असा हात लावला नव्हता.

१६ डिसेंबर, मंगळवार

कळलं त्यांना.

आज चौकट सापडली, आत गेले, आणि यादीचं फोल्डर सोडून सिस्टिमच्या फोल्डरमध्ये शिरले. जुनी खोड, मशीन 'हळू' का चाललंय ते बघायला. नावांची डावी बाजू यांना दिसत नाही, पण मी दंडक पाळला होता. तारखा शेवटी. त्या उजवीकडे. एकाखाली एक सगळ्या तारखा दिसल्या.

हाक मारली. आवाज शांत, त्यानंच भीती वाटली.
"ही अक्कल कुणाची? शब्बीऱ्याची?"
माझी, म्हटलं.
"आकडे वाच. पहिल्यापासनं."
वाचले. दहा. पंचाहत्तर. सत्तर. पासष्ट. साठ. छप्पन्न. बावन्न. अठ्ठेचाळीस.
"दहावर होती, तवा मला दिसत नव्हती?"
नाही.
"तू तर म्हणत होतीस डावीकडं हाय म्हणून."
होती.
"म्हणजे एवढं सगळं न्हाई दिसत मला." पडद्याच्या उजव्या भागावरच हात फिरवत म्हणाले. मग, "माझ्याच मशीनमधी माझ्याशी चोरी."

उठले. जेवले नाहीत.

१७ डिसें.

संगणकाकडे फिरकले नाहीत.

१८ डिसें.

नाहीत. नेहाला "आज नको". भिंतीकडे तोंड करून पडलेले. मृदुलाचा फोन आला; पहिल्यांदाच म्हटलं, बघू, येतो लातूरला. ती इतकी खूश झाली की मला बोलणं मागं घेता आलं नाही.

पुन्हा पंचाहत्तर करावं का? एक आकडा. दोन मिनिटांचं काम.

१९ डिसेंबर, शुक्रवार

नेहा आली. पलंगाच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसली आणि यांच्याशी नाही, माझ्याशी बोलायला लागली. देवणीतल्या तिच्या आजोबांबद्दल. त्यांनाही हेच झालं होतं. घरच्यांनी सगळं उजवीकडे नेलं, ते सहा वर्षं जगले, अर्ध्या घरात. "कुणी त्यांना सांगितलंच न्हाई. मलाबी तवा कळत नव्हतं."
हे भिंतीकडूनच म्हणाले, "सांगितलं असतं तर ऐकलं असतं का म्हाताऱ्यानं?"
"तुम्ही ऐकलंय का, काका?"
यांची मान वळली होती. तिच्याकडे. डावीकडे.

२० डिसेंबर, शनिवार

चहाच्या वेळी आपणहून बोलले. अटी घातल्या, लॅबमध्ये फळ्यावर लिहायचे तशा. बदललं की सांगायचं, आज बदललंय. किती ते सांगायचं नाही. मागं उभं राहायचं नाही. आणि हात लावायचा नाही.
मी विचारलं, दिवसभर नाही सापडली तरी?
"तरीबी."
मी म्हटलं, आणि मला राहवलं नाही तर?
"मग लातूरला जाऊन बस लेकीकडं." मग कप उचलत, "चार दिवस. जास्त न्हाई."

२२ डिसेंबर, सोमवार

काल संध्याकाळी चाळीस केलं. एकदम आठ. जास्त झालं का कळत नाही, विचारायला गेले नाही. आज सकाळी चहा देताना म्हटलं, "आज बदललंय." कप तसाच ठेवून उठले, काठी घेतली.

मी स्वयंपाकघरात. दार लोटलेलं. पीठ मळून झालं, भाकऱ्या झाल्या, डाळ झाली. आतून खुर्चीचा आवाज, मग काही नाही. एकदा वाटलं, हाक मारताहेत. शेजारचा टीव्ही होता. मृदुलाचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. साडेअकरा झाले आहेत. हे लिहिते आहे ते हात दाराला लागू नयेत म्हणून.

आत्ता स्वतःशीच काहीतरी बोलले. शब्द कळले नाहीत. आवाज रागाचा नव्हता, इतकंच. मी जागची उठले नाही.