बूथ बंद होता तो रविवार

आई,

तीर्थरूप, साष्टांग असलं काही लिहीत नाही. कुणी तसलं पत्र वाचून दाखवायला लागलं की तू म्हणायचीस, "मुद्द्याचं बोल की गं." तर मुद्द्याचंच बोलते. त्या रविवारी मी आपल्या बूथची किल्ली टेलरकाकांना दिली नव्हती. ते झोपले नव्हते, विसरले नव्हते आणि खोटंही बोलले नव्हते. किल्ली दिवसभर माझ्या पर्समध्ये होती. तू जाऊन सतरा वर्षं झाली आणि तू होतीस तोवर एवढं एक वाक्य मला तुझ्यापुढं बोलता आलं नाही.

बाबा फौजेत असताना गेले, म्हणून तुला तो फोनचा बूथ मिळाला होता. कोरेगावच्या अलीकडं, एसटीच्या थांब्यासमोर, पिवळी पाटी, काचेची केबिन आणि लाल आकड्यांचं मीटर. पण जाणाऱ्या फोनांपेक्षा येणाऱ्या फोनांचाच तुला घोर. निम्म्या गावाची पोरं फौजेत, आणि त्या सगळ्यांच्या घरचा नंबर म्हणजे आपला नंबर. तू जेवायचीस तिथंच, देवाचं नाव घ्यायचीस तिथंच, तापानं फणफणली असलीस तरी शटर वर. मी साताऱ्याला कॉलेजात जायची, संध्याकाळी येऊन काहीतरी सांगायला लागायची, आणि घंटी वाजली की तुझा पंजा वर. थांब. त्या पंजाचा मला असा संताप यायचा म्हणून सांगू! कितीतरी गोष्टी मी त्या पंजासमोर गिळल्या आणि मग सांगायच्याच सोडून दिल्या.

त्यातच मळ्यातल्या आजी. त्यांचा एकुलता एक मुलगा पार वर, बर्फात. एक रविवार आड, सकाळी अकराला त्याचा फोन. आजी दहालाच येऊन पायरीवर बसायच्या. रिसीव्हर हातात घ्यायच्या आधी दोन्ही हात पदराला पुसायच्या, आणि मग अख्ख्या थांब्याला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "जेवलास का रं?" तू बाहेर येऊन उभी राहायचीस, मायलेकांना बोलू द्यायचीस. डोळे पुसायचीस ते मला दिसायचं. मला वाटायचं, माझ्याशी बोलताना हिचे डोळे कधी भरत नाहीत.

डॉक्टरांनी बीपी वाढलंय म्हणून सांगितलं, एक दिवस तरी त्या फोनपासून लांब जा म्हणाले, तेव्हा मी हट्टच धरला. श्रावण होता. ठोसेघरचा धबधबा आपल्यापासून दोन एसट्यांवर, आणि तू तो जन्मात बघितला नव्हतास. तू कशीबशी हो म्हणालीस आणि आदल्या दिवशी तुला आठवलं, उद्या आजींचा रविवार. मी भांडी आपटली. मग तूच तोड काढलीस, किल्ली शेजारच्या टेलरकाकांकडं द्यायची. साडेदहाला त्यांनी शटर उघडायचं, आजींना आत बसवायचं, फोन उचलून त्यांच्या हातात द्यायचा. "ते करतील. एका शब्दानं न्हाई म्हणायचे न्हाईत," म्हणालीस. सकाळी तू गाडी धरून ठेवायला पुढं गेलीस आणि मी किल्ली घेऊन त्यांच्या बोळात. दार लोटलेलं होतं. आतून स्टोव्हचा आवाज येत होता, म्हणजे माणसं जागी होती. कंडक्टरनं घंटी मारली म्हणून द्यायची राहिली, असं मी स्वतःला पुढं कैक वर्षं सांगितलं. घंटी नंतर मारली, आई. मी तिथं चांगली उभी होते आणि माझा हात कडीकडं गेला नाही. मला वाटलं, मरू दे, आजच्या दिवस तो डबा मुका राहू दे. पुढच्या खेपेला करेल की तो फोन. एका रविवारानं काय होतंय? गाडीत चढले आणि म्हटलं, "दिली."

आपण फाट्यावर उतरून चालत निघालोय. तू चपला हातात घेतल्यास, चिखलातून तुला असंच बरं वाटतंय. समोर ढग दरीतून वर येतायत, धबधबा दिसत नाही, नुसता त्याचा घुमणारा आवाज ऐकू येतो, आणि तू दर थोड्या वेळानं थबकून कान देतेस. मी विचारते, काय झालं? म्हणतेस, "काय न्हाई. घंटी वाजल्यागत वाटलं." आपण ओढ्याच्या कडेला बसतो, तू साडी गुडघ्यापर्यंत घेऊन पाय पाण्यात सोडतेस आणि लहान पोरीसारखी आई गं म्हणून ओरडतेस, पाणी इतकं गार. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. मग तू घड्याळात बघतेस. अकराला पाच कमी. "आली असंल म्हातारी," म्हणतेस. आणि अकराला हसून, "आता बोलत असतील गं दोघं." मी भाकरी चावत राहिले. पर्स माझ्या मांडीवर होती. नंतर तू खडकावर आडवी झालीस आणि झोपलीस. तुला दिवसाढवळ्या झोपलेली मी कधी बघितलीच नव्हती. उठल्यावर तू मला कॉलेजातलं विचारलंस, मी सांगितलं, आणि मधे कुठंच पंजा वर आला नाही. दोन तास तू माझी एकटीची होतीस.

दिवे लागायच्या सुमाराला परतलो तर आजी पायरीवरच. तू धावतच गेलीस. त्या चिडल्या नव्हत्या, हे जास्त वाईट. म्हणाल्या, "आतनं वाजत हुतं गं. तीनदा वाजलं. मी शटरवर हात मारून म्हटलं, थांब रं बाळा, आलीच. त्यो काय ऐकतोय?" टेलरकाका बाहेर आले, तोंड पांढरं पडलेलं. "आवं वहिनी, मला किल्ली दिलीच न्हाई कुणी. कुलूप तोडावं म्हटलं, पर दुसऱ्याचं दुकान, हात हुईना." तू माझ्याकडं वळलीस. मी म्हटलं, "दिली होती." आणि तू त्या माणसाला, ज्यानं बाबांच्या मागं आपलं पाणी भरलं, सरपण फोडून दिलं, त्याला चारचौघांत म्हणालीस, "माझी पोरगी खोटं बोलती व्हय?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. ते घरात गेले. तू घरातली दुसरी किल्ली आणून शटर वर केलंस.

नवव्या दिवशी तार आली. त्याची गाडी दरीत गेली होती. फोनच्या पुढच्या रविवारापर्यंत तो राहिलाच नाही.

आजींनी कुणाला बोल लावला नाही. त्यांचं एकच चालायचं, "त्याला वाटलं असंल, आई आली न्हाई." भाकरी थापताना, कुणाच्या लग्नात, तुझ्याकडं बघत, तेच. तू त्यानंतर बूथ एक दिवस बंद ठेवला नाहीस. माझ्या लग्नात अक्षता पडल्या आणि तू परत. टेलरकाकांशी तू मरेपर्यंत बोलली नाहीस, आणि तू बोलत नाहीस म्हणून गावही बोलेना. फौजेतल्या घरांनी कपडे शिवायला टाकणं बंद केलं. दोन वर्षांत मशीन उचलून ते आष्ट्याला लेकीकडं गेले. तेव्हाही मी दारात उभी राहून बघितलं.

मी सांगलीला नांदत होते, तेव्हा एकदा ते मला स्टँडवर भेटले. तू अजून होतीस. म्हातारे झाले होते, हातात पिशवी. मी वाकायला गेले तर पाय मागं घेतले. म्हणाले, "आईला सांगितलंस का?" मी पदर नीट करायला लागले. "मग माझ्या काय पाया पडतीस?" आणि गाडीत चढून बसले, खिडकीतून दुसरीकडं बघत. बरोबर केलं. त्यानंतर मी चारदा माहेरी आले, चारही वेळा सांगायचं ठरवून. तू म्हणायचीस, माझी पोरगी एक खोटं म्हणून कधी बोलली न्हाई. तुझा तो अभिमान मला मोडवेना, असं मी म्हणते. भित्री होते, दुसरं काही नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टेलरकाका आता नाहीत, आजी नाहीत, ज्यांना सांगायचं ती सगळी माणसं संपली, म्हणून तर आज एवढं धाडस सुचलंय. पण लिहायलाच बसले तर पुरतं लिहिते. त्या पोराचं वाईट वाटतं, आजींचं वाटतं, टेलरकाकांचं तर रोज. त्या दोन तासांचं मात्र वाईट वाटून घ्यायला बसले की वाटत नाही, आई. ती सकाळ पुन्हा आली, सगळं ठाऊक असून आली, तर मी ती कडी वाजवीन असं मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.